तेरा रविवार

८ जुलै

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील, मग भांडी घासशील आणि मग उघडशील. फेकणार मात्र नाहीस. औषधाच्या बाटल्यांची टोपणंसुद्धा जपून ठेवणारी बाई तू. फोन तू उचलत नाहीस, दार उघडशील याचा भरवसा नाही, म्हणून टपालखात्याला मध्ये घातलंय.

सहा वर्षांपूर्वी जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही. कामाचं आहे.

आमच्या विद्यार्थी सेवा कक्षाची खोली तू पाहिली आहेसच, ग्रंथालयाच्या जिन्याखाली. दोन टेबलं, एक कपाट, आणि कपाट अजूनही लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. परवा तिथे नवे कुलसचिव आले. शिडशिडीत माणूस, बोलतो कमी, बघतो जास्त. म्हणाले, "मॅडम, विद्यापीठात नऊ हजार विद्यार्थी. तुमच्या कक्षात किती?"

"एकतीस," मी म्हटलं.

"तीस नोव्हेंबरपर्यंत दोनशे झाले तर ठीक. नाहीतर कक्ष क्रीडा विभागात जाईल."

म्हणजे मी उरलेली नोकरी चेंडूंत हवा भरण्यात घालवायची. मी म्हटलं, "दोनशे कशाला, अडीचशे म्हणा." शिपाईकाका दारामागून खाकरले. साहेब गेल्यावर म्हणाले, "बाई, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." पण तू मला ओळखतेस. एकदा बोलले की मग मला झोप चांगली लागते.

योजना तयार आहे. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, तिथे आमची दोन मुलं आठवड्यातून एकदा जाणार, तीन तास बसणार. तेवढ्यात घरच्या माणसाने बाजार करावा, केस कापून घ्यावेत, नाहीतर नुसतं बाहेर जाऊन यावं. नाव ठेवलंय घरभेट. मुलांना सांगायला मी आहेच, पण अंथरुणावरच्या माणसाचं कसं करायचं ते सांगायला माणूस हवं. तू आईचं चार वर्षं केलंस, शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून केलंस. एक बुधवार, एक तास येशील का? अडला हरी वगैरे जी म्हण आहे ती मी पूर्ण करत नाही, कारण पुढे जे येतं त्याचे पाय धरायचे असतात आणि ते तू होशील.

तुझी भिंगरी


१४ ऑगस्ट

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, मी तरी कुठे तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवलं होतं?

इकडे रथ दौडतोय. पहिल्या सभेला सात जण आले. त्यातले दोघे पंख्याखाली बसायला आले होते आणि एक चुकून आला होता, त्याला नाट्यमंडळात जायचं होतं. मी दार लावून घेतलं आणि तिघांनाही पटवलं. तो चुकून आलेला आता माझा उजवा हात आहे. सहा फूट उंच, फुटबॉल खेळतो, सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. दुसरी एक मुलगी आहे तिला मी प्रश्नावली म्हणते. "मॅडम, सेवा केल्याने समाज बदलतो की आपण?" "मॅडम, ज्यांच्याकडे जायचं त्यांना आपण हवे आहोत का, हे कुणी विचारलं?" मी सांगते, आधी फॉर्म भर, मग विचार.

मी प्रत्येक वर्गात जाऊन बोलले. गणिताच्या वर्गात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकदा तर वसतिगृहाच्या जेवणघरात बाकावर उभी राहून. तू म्हणायचीस ना, हिला माईक दिला तर लाउडस्पीकरच दमेल? अगदी तसं. तरी नव्वदच्या पुढे आकडा सरकेना. मग मी सेवापत्रिका काढली. लहानसं पुठ्ठ्याचं कार्ड, प्रत्येक भेटीनंतर तास लिहायचे, घरच्या माणसाची सही घ्यायची. चाळीस तास भरले की पाच गुण जादा. दोन आठवड्यांत एकशे त्र्याहत्तर! आपली मुलं गोड आहेत, पण गुणांचं नाव काढलं की पाय जास्त भरभर उचलतात. यात गैर काय? गुण मिळवायला गेलेला मुलगासुद्धा पाणी पाजतोच ना?

तू आता कपाळावर आठी घातली असशील. तासांचं नाव काढल्यावर तुला काय आठवलं ते मला माहीत आहे. त्याबद्दल हे पत्र नाही.

बुधवारचा विचार कर. सांधे फार दुखत असतील तर कॅप्टन रिक्षा घेऊन न्यायला येईल. तो तुला रिक्षासकट उचलून आणेल.

भिंगरी


१९ सप्टेंबर

ताई,

आज एक गोष्ट घडली. जशी घडली तशी सांगते.

बाजारामागच्या गल्लीत एक टेलरकाका राहतात. अकरा वर्षं त्यांची बायको पडून आहे. एकच खोली. खाटेच्या उशाशी शिलाई मशीन लावलंय, म्हणजे पाय पायडलवर आणि नजर तिच्यावर. आमच्या यादीतलं ते सव्विसावं घर. प्रश्नावली आणि तिची मैत्रीण तिथे जात होत्या. आज काका दोरे आणायला कोपऱ्यावर गेले. काकूंनी पाणी मागितलं. प्रश्नावलीने ग्लास भरला आणि त्या आडव्या होत्या तशाच, डोकं न उचलता, तोंडाला लावला.

ठसका लागला. काकूंचा चेहरा काळानिळा पडला. पोरी रडायला लागल्या, पण हलवायचं कसं ते एकीलाही ठाऊक नाही. काका दारात आले, हातातली पिशवी टाकली, बायकोला कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या आणि मग हळूहळू उठवून बसवलं. आता त्या बऱ्या आहेत. डॉक्टरही येऊन गेले.

मी धावत गेले तेव्हा प्रश्नावली जिन्यात बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे प्रश्न नव्हता. मी आत जाऊन माफी मागायला लागले. मला वाटलं काका ओरडतील. ते पिशवीतून सांडलेले दोरे मशीनवर रंगांप्रमाणे लावत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "पोरींची चूक नाही. त्यांना पाठवणाऱ्याला माहीत नव्हतं का, पाणी कसं पाजायचं?"

मला माहीत होतं, ताई. मला चांगलं माहीत होतं. आईला मी एकदा असंच पाणी पाजायला गेले होते आणि तू माझ्या हातातून ग्लास हिसकावला होतास. पाणी माझ्या साडीवर सांडलं, मी रागावून बाल्कनीत जाऊन बसले. तू आतून म्हणालीस, "मान आधी उचलायची, मग ग्लास." मी ते ऐकलं आणि तिथेच सोडलं. एकशे त्र्याहत्तर मुलांपुढे मी सेवाभावावर तास तास बोलले, पण मान आधी उचलायची हे एकदाही सांगितलं नाही.

निघताना माझ्या मूर्ख हाताने सवयीने काय केलं माहीत आहे? पोरींची कार्डं सहीसाठी पुढे केली. काकांनी कार्ड पाहिलं, उलटून पाहिलं. "तीन तास," त्यांनी वाचलं. मग विचारलं, "आणि माझ्या कार्डावर सही कोण करणार?"

मी कार्डं पर्समध्ये टाकली आणि खाली उतरले.

भिंगरी


२३ सप्टेंबर

ताई,

चार दिवस झाले, काकांचं वाक्य डोक्यातून जात नाही. तेव्हा आता त्याबद्दलच लिहिते, ज्याबद्दल मी लिहिणार नव्हते.

आई गेल्यावर आठवड्याने आपण दोघी तिचं कपाट आवरत होतो. माझी पिशवी पडली आणि माझी तासांची वही तुझ्या हाती आली. निळ्या पुठ्ठ्याची. तू पानं उलटलीस. रुग्णालय चार तास, अंधशाळा दोन तास, आणि मग, रविवार, आई, तीन तास. पुढचा रविवार, आई, तीन तास. पानं मोजलीस. मग वही मिटून म्हणालीस, "तुझे तास भरले. आता जा." वही तू परत दिली नाहीस आणि मी मागितली नाही.

त्यानंतर मी तुला मेसेज केला की ती नुसती सवय होती, सगळंच लिहायची सवय, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे. मावशीलाही मी तेच सांगितलं. सहा वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले.

ताई, ती सवय नव्हती.

त्या वर्षी कक्षाच्या प्रमुखाची जागा निघाली होती. अट होती स्वतःच्या सेवेच्या पाचशे तासांची. माझे झाले होते चारशे एकसष्ट. मुदत संपत आली होती. रात्रंदिवस आईजवळ तू होतीस, मी फक्त रविवारी यायचे. एका रविवारी तुझ्याकडून परतताना बसमध्ये बसून मी आकडेमोड केली, तेरा रविवार, प्रत्येकी तीन तास, एकोणचाळीस. बरोबर पाचशे. मी मागच्या तारखा आठवून आठवून लिहिल्या. रुग्णाचं नाव या रकान्यात मी "आई" लिहिलं, तेवढीच काय ती शरम शिल्लक होती. कार्यालयात कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं असेल, कुणाचीतरी आई.

ते प्रमाणपत्र अजून माझ्या खुर्चीमागे चौकटीत लटकतंय. मुलं त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात.

तू चार वर्षं केलंस त्याचे तास कुणी मोजले नाहीत, आणि मी माझे एकोणचाळीस विकून खुर्ची घेतली. हे मला त्या दिवशी कपाटासमोरच कळलं होतं, ताई. कळलं होतं म्हणूनच मी इतकी भांडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या बोंबा मी सहा वर्षं मारल्या. मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. माफ कर.

बुधवारी ये म्हणून मी आता म्हणणार नाही. ज्या बाईला तू जायला सांगितलंस तिने तुला ये म्हणण्यात अर्थ नाही.

भिंगरी


२२ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी तुला सगळं सांगायचे, तसंच हे.

मी भिंतीवरची चौकट उतरवली आणि काखोटीला मारून कुलसचिवांकडे गेले. सगळं सांगितलं, तेरा रविवारांसकट. ते चहा पीत होते. कप खाली ठेवला.

"हे मला का सांगताय? सहा वर्षं झाली."

"कारण मी सेवापत्रिका बंद करतेय," मी म्हटलं. "तास नाहीत, गुण नाहीत. आणि घरभेटीला जायच्या आधी प्रत्येकाने तीन बुधवार शिकायचं. मान कशी उचलायची, कुशीवर कसं वळवायचं, घरच्या माणसाला काय विचारायचं. जो शिकणार नाही तो जाणार नाही."

"मॅडम, गुण काढले तर मुलं येतील कशाला?"

"साहेब, गुणांसाठी गेलेलं माणूस कसं असतं ते तुमच्यासमोर बसलंय. तसली दोनशे मला नकोत."

त्यांनी चौकट हातात घेतली, काचेवरची धूळ बोटाने पुसली आणि ती स्वतःच्या खणात ठेवली. "याचं काय करायचं ते मी बघतो. नोकरीचंही बघावं लागेल. तीस नोव्हेंबर मात्र तीच राहील." मी बाहेर आले आणि, खोटं कशाला बोलू, कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं. एकशे त्र्याहत्तरातले एकशे पंधरा दोन दिवसांत पसार. उरले अठ्ठावन्न. शिपाईकाका म्हणाले, "बाई, चेंडूंत हवा भरायचा पंप मागवून ठेवू का?" मी म्हटलं, मागवा, सायकलीला उपयोगी पडेल. मी घाबरलेले नाही. अठ्ठावन्न जणांकडे पाहिलं की वाटतं, हे खरे आहेत, आता यांना कामाचं शिकवलं पाहिजे.

आणि प्रश्नावली! ती रोज टेलरकाकांच्या दारात जाऊन उभी राहायची. तीन दिवस त्यांनी दार लोटून घेतलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "उभीच आहेस तर सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही." आता ती तिथे रोज जाते आणि काका तिला शिकवतात. त्यांनी काकूंना वळवायला एक चादर शिवलीय, दोन्ही कडांना कापडी मुठी लावलेली. दोघांनी मुठी धरायच्या आणि अलगद ओढायचं. तशीच एक त्यांनी आम्हाला शिवून दिली. मी कापडाचं विचारलं तर म्हणाले, "पोरींना नीट शिकवा, तेच कापड."

पहिला वर्ग २६ नोव्हेंबरला, बुधवारी, दुपारी तीन वाजता, ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये. शिकवणारी मी. रात्रंदिवस पुस्तकं वाचतेय. हे निमंत्रण नाही, नुसती बातमी आहे.

भिंगरी


२७ नोव्हेंबर

ताई,

काल तू आलीस.

मी फळ्यापाशी उभी राहून तोंड चालवत होते. दोन टेबलं जोडून त्यावर कॅप्टनला झोपवलं होतं, पाय बाहेर लोंबत होते. मी म्हणत होते, "रुग्णाला वळवताना आपण प्रथम..." आणि मागून आवाज आला, "प्रथम त्याला सांगायचं, की आता वळवतेय."

तू शेवटच्या बाकावर होतीस. राखाडी शाल, हातात काठी. किती वाळलीस गं. केव्हा येऊन बसलीस मला कळलंही नाही. तू उठलीस, सावकाश चालत पुढे आलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सरक."

मी सरकले. उभ्या जन्मात मी इतक्या पटकन सरकले नव्हते.

मग तू दीड तास शिकवलंस. फळ्यावर माणसाचा कणा काढलास, दोन रेघांत, आणि मुलांनी वह्या काढल्या. "मागच्या बाकावरचे, पुढे या. झोपलेल्या माणसाची पाठ लांबून दिसत नाही." टाचा कुठे घासतात, ओठ कसे ओले करायचे, चादरीची एक सुरकुतीसुद्धा कशी जखम करते. मान आधी, मग ग्लास, हे तू तीनदा सांगितलंस आणि तिन्ही वेळा प्रश्नावलीने मान खाली घातली. तेव्हा तू तिलाच पुढे बोलावलंस, ग्लास तिच्या हाती दिलास आणि कॅप्टनला पाणी पाजायला लावलंस. तिने बरोबर पाजलं. "हिचा हात चांगला आहे," तू म्हणालीस. ती पोरगी रात्री मला फोन करून पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं. मुठींची चादर तू उलटसुलट पाहिलीस आणि विचारलंस, "ही कुणी शिवली? त्याला म्हणावं, मला दहा वर्षं उशिरा भेटला."

कुलसचिव दारात उभे होते, तुला दिसले नसतील. अर्धा तास उभे होते. आज फाइल खाली आली, तिच्यावर त्यांच्या हाताने एक ओळ आहे: "कक्षास पुढील सत्रापर्यंत मुदत. प्रमुखपद स्थगित, काम चालू." म्हणजे खुर्ची गेली, जिना राहिला. मला चालेल. काल अठ्ठावन्नांचे चौऱ्याण्णव झालेत. निघून गेलेल्यांतले काही परत आले, आणि तुझा आवाज ऐकून ग्रंथालयातले काही जण वर चढले होते, ते उरले.

वर्ग संपला तेव्हा मी मुलांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले. परत आले तर तू नव्हतीस. टेबलावर माझी निळी वही होती.

मी ती उघडायला घाबरले, ताई. शिपाईकाकांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा कुठे उघडली. ते पान शोधावं लागलं नाही. तू तिथे औषधाच्या बाटलीचं लेबल खूण म्हणून ठेवलं होतंस.

रविवार, आई, तीन तास. त्याखाली तुझं अक्षर. शाई ताजी आहे. "आज दोन घास जास्त जेवली." पुढच्या रविवारी, "केस तुझ्याकडून विंचरून घेतले. संध्याकाळपर्यंत हात लावू दिला नाही, मोडतील म्हणे." पुढे, "तू सांगितलेला विनोद मला चार वेळा सांगितला. शेवट विसरली." पुढे, "शनिवारपासून विचारत होती, उद्या रविवार का." तेरा रविवार, तेरा ओळी. एकही सोडलेला नाहीस. मी तिथून उठून गेल्यावर मागे काय उरायचं ते मला कधी माहीतच नव्हतं. मी लिहिलं तेव्हा मला फक्त तीनचा आकडा आठवत होता, आणि तुला हे सगळं आठवत होतं, माझ्यावर चिडलेली असतानासुद्धा.

मी तिथेच बसून भोकाड पसरलं. शिपाईकाका दिवे तसेच ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले.

आणि मग सगळ्यात खाली, रेघ ओढून, तू लिहिलंयस: "तीन तास खोटं आहे. अडीचच थांबायचीस. ती दाराकडे बघत राहायची."

अडीचच, ताई. शेवटची बस चुकेल म्हणून मी अर्धा तास आधी निघायचे. तिला पापा द्यायचे आणि तुझ्याकडे न बघता चपला घालायचे.

या रविवारी येते. शेवटची बस किती वाजता असते ते मी विचारलेलं नाही.

तुझी भिंगरी